तांबू आणि कुंपणाच्या सात फळ्या: चेंबूरमधलं एक प्रकरण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात चेंबूरहून एका काकूंचा फोन आला. "कुत्रा कुंपण खातोय," त्या म्हणाल्या. "सात फळ्या गेल्या. हे म्हणतात, आता एक तर कुंपण राहील नाही तर कुत्रा." मागून काकांचा आवाज येत होता, "अहो, बांधून महिना नाही झाला!"

मी घरोघरी जाऊन कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करते. कुंपण, दार, सोफ्याचा पाय कुरतडल्याच्या तक्रारी पाऊस सुरू झाला की वाढतातच. हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण यात माझा पहिला अंदाज साफ चुकला आणि त्यापायी आठ दिवस वाया गेले. शिवाय ज्या गोष्टीने शेवटी फरक पडला ती कुंपणाच्या आत नव्हतीच, बाहेर गल्लीत होती.

घर, कुत्रा आणि कुंपण

जुन्या प्लॉटवरचं एकमजली घर. पुढे दहा फूट रुंदीचं अंगण, त्यात एक शेवगा, जास्वंदीच्या दोन कुंड्या आणि कुंपणालगत कण्हेर. पूर्वी तिथे तारेची जाळी होती, ती गंजली म्हणून मे महिन्यात सुतार बोलावून लाकडी कुंपण करून घेतलं. पस्तीस फूट लांब, साडेतीन फूट उंच. सुताराने रे रोडच्या बाजारातून जुन्या पॅलेटच्या, म्हणजे मालाखाली ठेवतात त्या लाकडी चौकटींच्या, पाइनच्या फळ्या आणल्या आणि दोन फळ्यांत दीड इंचाची फट ठेवली. पावसात वारा खेळला नाही तर लाकूड कुजतं, म्हणून. सुताराचं काही चुकलं नव्हतं. पुढे या दीड इंचानेच सगळं घडवलं, पण ते नंतर.

तांबू अकरा महिन्यांचा, नर, गावठी, तांबूस अंगाचा, सतरा किलोचा. दीड महिन्याचा असताना काकूंच्या लेकीने त्याला याच गल्लीतून उचलून आणला होता. घरात काका, काकू आणि ही लेक. ती बीकेसीला नोकरी करते; वर्षभर घरून काम चाललं होतं, एक जूनपासून रोज ऑफिस सुरू झालं.

फोनपूर्वी घरच्यांनी काय काय केलं होतं? फळ्यांना लाल तिखटाचं पाणी लावलं. तांबू दोन दिवस पंजाने डोळे चोळत बसला आणि तिसऱ्या दिवशी पावसाने तिखट धुऊन नेलं. दुकानातून कडू फवारा आणला, तोही एका सरीत गेला. काकांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोनदा मारलं. मग शेवग्याला साखळीने बांधला, तर त्याने बुंध्याची साल सोलली. काकांच्या एका मित्राने "दात येतायत, जाईल आपोआप" असं सांगितलं होतं. ते मात्र खरं नव्हतं. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत पक्के बेचाळीस दात आलेले असतात. तांबू त्यातून केव्हाच बाहेर पडला होता. दात आल्यावरही वर्ष-दीड वर्षापर्यंत तरुण कुत्र्याला चावायची गरज राहते, पण ती गरज घरभर दिसते. घरात फर्निचर होतं, चपला होत्या, काकूंचा पाट होता. तांबूने एकाला तोंड लावलं नव्हतं. फक्त कुंपण.

आधी तोंड

मी डॉक्टर नाही, म्हणून अशा प्रत्येक घरी माझी पहिली अट एकच असते: आधी प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. जंत, रक्ताची कमतरता, पोटाचा त्रास, दुखरी दाढ, यांतल्या कशानेही कुत्रा माती, लाकूड, कापड खाऊ लागतो. त्यातही तो लाकूड कुरतडून टाकून देतो की गिळतो हे बघायला हवं. काकूंना ते सांगता येईना. मी त्यांना फळ्यांखालची ढलपी गोळा करायला सांगितली. चावलेल्या जागेच्या मानाने ढलपी फारच कमी निघाली. थोडं लाकूड पोटात जात होतं.

लेकीने अजून एक सांगितलं: चार दिवस तांबूच्या तोंडाला घाण वास येतोय आणि तो जेवताना मान वाकडी करतो. डॉक्टरांनी गुंगी देऊन तोंड उघडलं, तर वरच्या दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये, टाळूला आडवी, पाइनची एक काडी पक्की अडकलेली. तिच्याखाली टाळूला जखम झाली होती. हिरडीत दोन बारीक कुसा होत्या त्या वेगळ्या. ही टाळूला आडवी बसणारी काडी लाकूड चावणाऱ्या कुत्र्यांत नेहमी सापडते आणि घरच्यांना बाहेरून काही दिसत नाही. लाळ गळणं, पंजाने तोंड चोळणं, वास, एका बाजूने चावणं ही तिची लक्षणं. आणि उलट्या, जेवण बंद, पोट घट्ट, काळी शी, यांपैकी काही दिसलं तर वाट बघायची नाही, तडक दवाखाना. लाकडाचा तुकडा आतड्यात अडकू शकतो, आतडं फाडूही शकतो.

शीच्या तपासणीत जंत निघाले, त्याचं औषध झालं. रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. म्हणजे शरीराची बाजू एवढ्यावर मिटली, पण जखम भरेपर्यंत तरी तांबूला कुंपणाजवळ एकटं सोडायचं नाही हे ठरलं.

फळी कसली आहे

कुत्रा कुंपण चावतो म्हटलं की लोक कुंपणाची काळजी करतात. मला त्या लाकडावर काय लावलंय याची जास्त धास्ती असते, म्हणून इथे थोडी थांबते.

पॅलेटचं लाकूड परदेशातून येणाऱ्या मालाखालचं असतं. त्यावर डाग दिल्यासारखा शिक्का असतो, गव्हाच्या कणसाचं चिन्ह आणि शेजारी इंग्रजी अक्षरं. 'एचटी' असेल तर ते लाकूड फक्त तापवलेलं आहे. गाभ्यापर्यंत छप्पन्न अंश सेल्सिअस, सलग तीस मिनिटं, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. 'एमबी' असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. 'एमबी'चं लाकूड मी कुत्र्याच्या अंगणात लावू देत नाही. काकांच्या कुंपणातल्या अकरा फळ्यांवर शिक्का वाचता आला, सगळ्या 'एचटी'. बाकीच्यांवर रंधा मारलेला होता, तिथे कळायला मार्ग नव्हता. पॅलेटवरून आधी कसला माल आला, काय सांडलं, हेही कोणाला ठाऊक नसतं.

मग वाळवीचं औषध. पावसाआधी लाकडाला ते मारायची आपल्याकडे पद्धतच आहे आणि त्यातली काही कीटकनाशकं कुत्र्याच्या मज्जासंस्थेवर परिणाम करतात. सुताराला फोन लावला. त्याने जमिनीत गाडलेल्या खांबांना औषध पाजलं होतं, फळ्यांना नाही. सुदैव.

तिसरं, फाटक. कुंपण नवं असलं तरी फाटक जुनंच होतं, लाकडी, पंचवीसेक वर्षांत ऑइल पेंटचे थरावर थर चढलेलं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) खाली ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं असं धरूनच चालायचं. तांबूने फाटकाच्या खालच्या कोपऱ्यावर दात चालवले होते. त्या कोपऱ्याला काकांनी त्याच दिवशी ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली. रंग खरवडून काढायचा त्यांचा विचार मी मोडून काढला, कारण खरवडलेली धूळ अंगणभर पसरते आणि कुत्रा पंजे चाटतो.

कण्हेरीचं झुडूपही त्याच दिवशी उपटलं. कुंपणाला खेटून होतं आणि तिचं पान, फांदी, फूल, सगळंच कुत्र्याच्या हृदयाला घातक. काकूंना देवाला फुलं हवी होती, म्हणून तिथे जास्वंदीची रांग लावायचं ठरलं.

माझा चुकलेला अंदाज

पहिल्या भेटीत मी काय ऐकलं? वर्षभर घरात असणारी लेक एक जूनपासून बाहेर जाऊ लागली आणि त्याच आठवड्यात कुंपण चावणं सुरू झालं. मला वाटलं, चित्र स्पष्ट आहे: एकटेपणाची भीती. मी त्यांना निघताना करायचे सराव दिले. चावी उचलायची पण जायचं नाही, दोन मिनिटं बाहेर, मग पाच, मग दहा, येताना गाजावाजा नाही. लेकीने ते मनापासून केले. आठ दिवसांत आणखी एक फळी गेली.

तेव्हा मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. शंभर पानी वही आणायला लावली आणि काकूंना रोज तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या: किती वाजता चावलं, कुंपणाच्या कुठल्या जागी, आणि त्याआधी पाच मिनिटांत काय घडलं. कुंपणाच्या फळ्यांना खडूने आकडे घातले. घरातला जुना मोबाइल खिडकीच्या ग्रिलला बांधून दिवसभराचं चित्रण सुरू केलं. वाचणाऱ्याला माझी कळकळीची विनंती आहे, उपायाला हात घालण्याआधी ही वही करा. मी आठ दिवस घालवले, तुम्ही घालवू नका.

चित्रण पाहिलं आणि माझा अंदाज पहिल्याच दिवशी कोसळला. लेक साडेआठला निघाली. तांबू फाटकापर्यंत गेला, परत आला, पायपुसण्यावर वळकटी करून झोपला, दहापर्यंत हललाही नाही. एकटेपणाने घाबरलेला कुत्रा असा झोपत नाही. त्याची तगमग माणूस गेल्यावर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसते. तो विव्हळतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, आणि माणूस जिथून गेलं ते दार, ती खिडकी ओरबाडतो. तांबूला तर दिवसभर काका-काकूंची सोबतही होती. हे मला पहिल्याच भेटीत खटकायला हवं होतं.

सात दिवसांच्या वहीत सोळा नोंदी झाल्या. त्यातल्या अकरा संध्याकाळी सव्वासहा ते सव्वासातच्या मधल्या, सगळ्या फाटकाजवळच्या चार ते नऊ नंबरच्या फळ्यांवर. चार नोंदी रात्री साडेदहानंतरच्या, शेवग्याकडच्या कोपऱ्यात, फळ्यांच्या अगदी तळाशी. एक दुपारची, पाऊस थांबल्यावर. उरलेल्या पंचवीस फूट कुंपणाला दाताचा एक व्रण नव्हता.

मी नव्याने जाऊन गुडघ्यांवर बसून त्या खुणा पाहिल्या. फाटकाजवळच्या फळ्या कडांना चावलेल्या होत्या, जमिनीपासून दीड फुटांवर, फटीच्या दोन्ही बाजूंनी, म्हणजे फट मोठी करायचा प्रयत्न. कोपऱ्यातल्या फळ्या मात्र खालून वर चावलेल्या आणि पुढची माती उकरलेली. एकाच कुंपणावरची ही दोन वेगळी कामं होती.

भात

संध्याकाळी सहा वाजता मी ओट्यावर बसून राहिले. साडेसहाच्या सुमारास गल्लीत स्टीलच्या डब्यावर चमचा वाजल्याचा आवाज आला. तांबू घरातून बाणासारखा सुटला.

पलीकडच्या गल्लीतल्या एक मावशी रोज भटक्या कुत्र्यांना भात घालतात. डबा वाजला की पाच-सहा कुत्री धावत येतात. आधी त्या कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या पायरीवर घालत. मे अखेरीस ते दुकान नव्याने उघडलं, म्हणून जागा बदलून त्या काकांच्या फाटकाशेजारी, कुंपणाच्या बाहेर भात ठेवू लागल्या. जूनची सुरुवात. लेकीचं ऑफिस, पाऊस आणि हा भात, तिन्ही एकाच आठवड्यात आले होते आणि मी त्यातला सगळ्यात ठळक धागा पकडून बसले होते.

दीड इंचाच्या फटीतून तांबूला सगळं दिसत होतं, सगळा वास येत होता. हात पोचत नव्हता. त्यातली एक-दोन कुत्री बहुधा त्याच्याच गोतातली, कारण हीच त्याची जन्मगल्ली. तो भुंके, फटीत नाक खुपसे, मागे सरके, पुन्हा येई, आणि मग जे तोंडासमोर असेल ते चावे. आडकाठीमुळे चढणारा हा त्रागा असतो. समोरच्या गोष्टीपर्यंत जाता येत नाही आणि तिच्याकडे पाठही फिरवता येत नाही. जुन्या जाळीतूनही त्याला गल्ली दिसायची, पण तेव्हा तिथे भात नव्हता. त्यात पावसामुळे त्याचं फिरणं आटलं होतं. आधी सकाळ-संध्याकाळ मिळून लेकीबरोबर दीड तास. आता काकांबरोबर दहा मिनिटं, छत्री सांभाळत. साठलेला सगळा जोर संध्याकाळच्या त्या तासात निघत होता.

रात्रीच्या कोपऱ्याचं कोडंही त्या भातानेच सोडवलं. उरलेली शितं पावसाच्या पाण्याबरोबर गटाराकडे वाहत आणि रात्री घुशी येत. शेवग्याच्या मुळाशी बिळाचं तोंड होतं, मुठीएवढं, ताज्या मातीचं. घूस कुंपणाखालून ये-जा करी आणि तांबू तिच्या मागावर तळाच्या फळ्या फोडत होता. कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर तो चोख काम करत होता.

इथे एक गोष्ट ऐकून माझ्या पोटात गोळा आला. घूस दिसते म्हणून काकांनी उंदीर मारायच्या वड्या आणून ठेवल्या होत्या, सुदैवाने पाकीट अजून फोडलं नव्हतं. या वड्यांमध्ये बऱ्याचदा ब्रोमाडिओलोन असतं, त्याने रक्त गोठणं थांबतं. वडी खाल्लेला कुत्रा दोन-तीन दिवस अगदी ठणठणीत दिसतो आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. वेळेत कळलं तर व्हिटॅमिन के-१ देऊन वाचवता येतं, पण त्यासाठी कळायला हवं. विष खाल्लेली घूस पकडली तरी धोका असतोच. पाकीट घराबाहेर गेलं.

काय काय केलं

सगळ्यात आधी मावशींशी बोलणं. काका आधीच तापलेले होते, "फाटकासमोर घाण करतात" म्हणत होते, म्हणून मी त्यांना घरीच थांबवलं आणि काकूंना बरोबर घेऊन गेले. मावशी आधी सावध होत्या. कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांना मुंबईत रोज कोणी ना कोणी बोलतं. काकू म्हणाल्या, "आमचा तांबू यांच्यातलाच आहे. घाला तुम्ही, पण आमच्या फाटकापासून थोडं लांब." त्यावर मावशी एकदम मोकळ्या झाल्या. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीबाबतच्या २०२३ च्या नियमांतही खाऊ घालायची जागा इमारतींची दारं, जिने, मुलांची खेळायची जागा सोडून, सगळ्यांच्या संमतीने ठरवावी असं म्हटलेलं आहे. पन्नास-साठ पावलांवर एका बंद गाळ्यापुढे जागा ठरली. भात पसरून टाकण्याऐवजी चार जुन्या थाळ्यांत, आणि खाऊन झालं की थाळ्या उचलायच्या. थाळ्या काकूंनी दिल्या. पहिला आठवडा काही कुत्री सवयीने फाटकाशीच येऊन बसायची, मग तीही नव्या जागी गेली.

दुसरं काम सुताराचं. फटींवर बाहेरच्या बाजूने पातळ पट्ट्या ठोकल्या. आतून त्यांना दात लागत नाही आणि गल्लीचं दृश्य बंद होतं. तळाशी पाणी जायला जागा सोडली, नाहीतर चेंबूरच्या पावसात अंगणाचं तळं झालं असतं. स्वयंपाकघराचा ओटा बदलला तेव्हाचे कडाप्प्याचे तुकडे काकांनी जपून ठेवले होते. ते फळ्यांच्या आतल्या बाजूने चार इंच मातीत गाडून उभे केले. कडाप्पा तांबूने एकदा हुंगला आणि सोडून दिला. घुशीच्या बिळात विटांचे तुकडे आणि सिमेंट भरलं, त्यावर जाड तारेची जाळी पुरली. सुतार बिळात काचा भरूया म्हणत होता, तशी जुनी पद्धत आहे, पण उकरणाऱ्या कुत्र्याचे पंजे फाटतील म्हणून ते केलं नाही.

आणि डब्याचा आवाज. नवी जागा लांब असली तरी चमचा वाजला की तांबूला ऐकू जाणारच होता. तो आवाज त्याच्या कानांतून पुसता येत नाही, पण त्याचा अर्थ बदलता येतो. आम्ही घरातलाच एक डबा घेतला. दुपारी, गल्ली शांत असताना, काकू तो हळूच वाजवत आणि लगेच मागच्या ओट्यावर तांबूला उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळे. चार दिवस असं करून मग खरी संध्याकाळ. गल्लीत डबा वाजला की त्याच क्षणी मागच्या ओट्यावर त्याचं जेवणाचं ताट. पहिले तीन दिवस तो आधी कुंपणाकडे धावला, वळून बघितलं, मग आला. नवव्या दिवशी डबा वाजला आणि तो सरळ मागे गेला. काकूंनी मला त्याच मिनिटाला फोन केला.

श्रावण लागला तेव्हा घरात चिकन बंद. काकू काळजीत पडल्या, आता कसं व्हायचं. पनीरचे बारीक तुकडे आणि उकडलेलं रताळं चालून गेलं. बक्षीस नेहमीपेक्षा थोडं खास असलं की पुरतं.

चावायला दुसरं काय द्यायचं याचा विचार केल्याशिवाय नुसती बंदी टिकत नाही. तांबूला भरीव रबराचं पोकळ खेळणं आणलं, त्यात दहीभात भरून फ्रीजरमध्ये घट्ट करायचा. ते संपवायला त्याला अर्धा तास लागे. दहीभाताला फोडणी नाही, कांदा-लसूण नाही, आणि भरायला पीनट बटर वापरलंच तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) नाही हे पाकिटावर वाचून घ्यायचं, ते कुत्र्याला विष आहे. शिजवलेली हाडं नाहीत, त्यांच्याही कुसाच होतात. काकूंनी नारळाची शेंडी देऊ का असं विचारलं, कारण कोकणात त्यांच्या माहेरची कुत्री तिच्याशीच खेळत. समोर बसून, पाच मिनिटं, ठीक. एकटा असताना नाही, कारण काथ्या गिळला तर पोटात गोळा होतो. खेळणं किती कठीण असावं याची माझी कसोटी साधी आहे. अंगठ्याचं नख दाबून ते जराही खुपत नसेल तर ती वस्तू दाढ मोडू शकते.

फिरण्याचं वेळापत्रक लेकीने बदललं. पहाटे साडेपाचला पाऊणतास, पाऊस असला तरी. साचलेल्या पाण्यातून मात्र न्यायचं नाही. मुंबईत पावसाळा म्हणजे लेप्टो, उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा आजार, माणसालाही आणि कुत्र्यालाही. तांबूची लस राहिली होती ती त्याच आठवड्यात दिली. फारच झोडपत असेल त्या दिवशी गच्चीच्या जिन्याखाली गोणपाटाच्या घड्यांत खाण्याचे दाणे लपवून त्याला शोधायला लावायचं. वीस मिनिटं नाकाने काम केलेला कुत्रा चांगला दमतो. काका या खेळात रमले. दाणे कुठे लपवायचे यावर ते आणि तांबू यांच्यात रोजची झटापट असे, आणि काका हरले की खूश होत.

कडू फवारा आम्ही टाकून दिला नाही. पट्ट्या आणि कडाप्पा बसेपर्यंत, फक्त पाच-सहा फळ्यांवर, प्रत्येक सरीनंतर पुन्हा मारला. आधाराला तो बरा आहे, पण एकट्याने काही साधत नाही. तिखट मात्र कायमचं बंद.

मारण्याबद्दल काकांशी मला वेगळं बोलावं लागलं. त्यांचं म्हणणं, "त्याला कळतं हो! चावलेली फळी दाखवली की मान खाली घालतो, कान पाडतो." या 'अपराधी चेहऱ्या'वर अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने २००९ साली प्रयोग प्रसिद्ध केला आहे. त्यात कुत्र्याने खरंच आगळीक केली होती की नव्हती याने तो चेहरा बदलला नाही. मालक रागावला की तो दिसला, निर्दोष कुत्र्यांतही. काकांना मी चित्रण दाखवलं. सकाळी साडेसातला ते वर्तमानपत्र वाचायला बाहेर येतात. तांबू शांत बसलेला. त्यांनी पेपर नुसता दुमडला आणि कुत्र्याने कान पाडले, शेपूट पोटाखाली घेतली. चावलेली फळी त्या वेळी दोघांच्याही ध्यानीमनी नव्हती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते पेपर आत खुर्चीवर वाचू लागले. दोन आठवड्यांनी परत ओट्यावर आले, तेव्हा तांबू त्यांच्या पायाशी झोपत होता.

त्याऐवजी 'सोड' शिकवलं. तोंडातली वस्तू हिसकायची नाही, तिच्याहून चांगली समोर धरायची, त्याने सोडली की 'सोड' म्हणायचं आणि द्यायची. मग शब्द आधी, वस्तू नंतर. हिसकावून घेतलं की कुत्रा लपून चावतो आणि पटकन गिळतो. लाकडाच्या बाबतीत तेच सर्वांत वाईट.

वहीतले आकडे असे उतरले: पहिल्या आठवड्यात सोळा, पट्ट्या बसल्या त्या आठवड्यात सहा, पुढच्यात तीन, त्यानंतर ऑगस्टच्या मध्यापर्यंत मिळून दोन. ते दोन्ही जोराच्या पावसाचे, फिरणं चुकलेले दिवस.

विसर्जनाची रात्र

सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना अनंत चतुर्दशीच्या रात्री तांबूने फाटकाचा खांब चावला, चांगला अर्धा इंच खोल. मिरवणूक घरासमोरून गेली, ढोल-ताशे, फटाके, आणि तो अंगणात होता. सगळे गणपती बघायला फाटकाशी उभे, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या, "सगळं पाण्यात गेलं का हो?"

गेलं नव्हतं. खांबावरच्या खुणा वेगळ्या होत्या. खांबाच्या कडीच्या बाजूला, फाटक उघडतं तिथे, आणि खाली लाळेचे थेंब वाळलेले. हा आवाजाला घाबरून पळायची वाट शोधणारा कुत्रा. जूनच्या त्राग्याशी याचा संबंध नाही आणि याला उपायही वेगळा. गोंगाट अपेक्षित असेल त्या दिवशी तांबू दुपारीच फिरून येतो आणि संध्याकाळी मधल्या खोलीत असतो. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा जोरात, टीव्ही चालू, गोठवलेला दहीभात पुढ्यात आणि घरातलं एक माणूस जवळ. त्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, घ्यावं. खांबाला वाळवीचं औषध होतं, म्हणून डॉक्टरांना लगेच फोन केला. त्यांनी तोंड धुऊन घ्यायला सांगितलं आणि रात्रभर लाळ, थरथर, उलटी यांवर नजर ठेवायला लावली. काही झालं नाही. खांबालाही आता पत्र्याची पट्टी आहे.

ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर सुतार आला आणि सात-आठ फळ्या बदलून गेला. या वेळी काकांनी शिक्के स्वतः वाचून घेतले, एकाही फळीला औषध लावू दिलं नाही आणि कडांना पॉलिशपेपर मारून घेतला. काकूंनी विचारलं, वही आता बंद करू का? महिनाभर नोंद नव्हती. मी म्हटलं, दिवाळी होऊन जाऊ द्या, फटाक्यांचे दिवस आहेत, तोवर लिहा. त्यांनी त्याच पानावर, कोऱ्या महिन्याखाली, धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंतच्या तारखा आखून घेतल्या आणि प्रत्येकीपुढे मधल्या खोलीत त्याच्याजवळ कोण बसणार त्याचं नाव लिहिलं. पहिल्या दोन दिवसांपुढे काकांचं आहे.